तो उभा होता

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. आता ऐंशी ओलांडली. म्हणून लिहितोच.

महागावात मी शाळामास्तर; तो माझा दोस्त, गुरांच्या दवाखान्यात जखमा बांधणारा ड्रेसर होता. बैल शिंगं रोखून आला की तळहात आडवा धरायचा आणि पळू पाहणाऱ्या मालकाला म्हणायचा, "पयू नोको. उभा राह्य." कुत्र्याला भिणाऱ्या पोरांनाही तेच. बायको भांडायला उठली की स्वतःलाही तेच! तुमच्या गावातही असा एखादा असेल.

त्याचा मुलगा आफ्रिकेत नोकरीला. त्याने बापाला जंगल दाखवायला बोलावलं. "एकटा कायले जाऊ? मास्तर, तू चाल," म्हणत त्याने मलाही नेलं.

तिथल्या अभयारण्यात पायी फिरवतात. पुढे बंदूकवाला वाटाड्या, मागे आम्ही दोघंच, एकामागे एक. छातीएवढं पिवळं गवत.

"हे त आपल्या राळेगावकडच्या पडितासारखंच दिसते," तो कुजबुजला.

तेवढ्यात गवतातून सिंहीण उठली.

मी पळालो. त्याने मागून माझी कॉलर धरून मला खाली ओढलं. त्या झटापटीत त्याचा गुडघा दगडावर आपटला. तरी तो उठला आणि माझ्यापुढे तळहात आडवा धरून उभा राहिला. सिंहीण गुरगुरली, थबकली, गवतात शिरली.

गावी आल्यावर टपरीवर कुणीतरी त्याला विचारलं, "लंगडून काहून राह्यला गा?"

तो बोलायच्या आत मीच म्हणालो, "सिंहीण पाहून पळाला, पडला."

सगळे खदखदून हसले. तोही हसला. त्याला वाटलं, मास्तर थट्टा करतोय, आता खरं सांगेल.

मी सांगितलं नाही. गावाने मास्तरचा शब्द खरा मानला, आणि लंगडा पाय तर डोळ्यांसमोरच होता. "ओ काका, पया! सिंहीण आली!" पोरं ओरडायची. त्याने टपरी सोडली. मग सकाळचं फिरणं सोडलं. मग तो तळहातही वर होईना.

एकदा घरी आला. "मास्तर, नात इचारून राह्यली, आबा, तुमी भेले होते काय? माह्यं तिले पटत नाही. तू एकदा सांगून दे ना."

"उद्या येतो."

"ये बाप्पा," म्हणून तो पायरी धरत उतरला.

मी गेलो ते कित्येक महिन्यांनी, तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. नात उशाशी पाणी घेऊन बसलेली. मला पाहून त्याचा हात चादरीवरून हळूहळू वर आला. तळहात आडवा. मी दारातूनच वळलो. चप्पलही धड घातली नाही.

पहाटे तो गेला.

नात आता फुलसावंगीला सासरी आहे. मी स्टँडवर जातो. बस लागते, भरते, निघून जाते. मी घरी येतो.

मला त्याला म्हणायचं होतं, "गड्या, माफ कर मले." आणि तिला, "बाई, पळालो मी. तुझा आबा उभा होता."