टेकवलंय, ठोकलेलं नाही

आमचे मालक खोलीत आले की आधी भिंतींकडे बघत, मग माणसाकडे. चारही भिंती नजरेखालून घातल्यावर "काय, बरं आहे ना?" असं विचारत, तेही अशा सुरात, की बरं असण्यामागे काहीतरी डाव असणारच. जन्मभर सरकारी गुदामात मालाची राखण केलेला माणूस. नोकरी संपली, राखण संपली नाही. शनिवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं दुमजली घर होतं. घरच्या माणसांत ते एकटेच उरले होते. वरच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती.

मी नांदेडहून आलेले. हिंजवडीच्या शेतांतून तेव्हा नुकत्याच काचेच्या इमारती वर येत होत्या, त्यांतल्या एकीत मला नोकरी लागली होती. नोकरी पटकन मिळाली, खोली मिळेना. रिकाम्या खोल्या पुष्कळ होत्या, पण आडनाव सांगितलं की नेमकी तीच खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची. आम्ही बौद्ध. नकाराचं कारण कुणी सांगत नसे आणि मला विचारायची गरज पडत नसे.

मालकांनी आधी आडनाव विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "सामान किती?"

"एक ट्रंक, एक गादी."

"कपाट आणणार का पुढे?"

"नाही."

"खिळे ठोकता?"

मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. करारापुरतं आडनाव विचारलं, लिहून घेतलं आणि म्हणाले, "अकरा महिने. बारावा महिना आमच्याकडे नसतो."

खोली कळकट होती. एका भिंतीवर ओलीचा मोठा डाग, खिडकीची काच धुरकट. आईला फोनवर "खोली छान आहे" असं सांगताना माझा आवाज मलाच खोटा वाटे. त्या सुमारास आमच्या ऑफिसचा नवा मजला रंगवून झाला आणि उरलेले डबे बाहेर टाकायला काढले होते. त्यातला अर्धा डबा निळा रंग मी कंपनीच्या बसमधून मांडीवर धरून आणला. रविवारी पदर खोचला, आणि दुपारपर्यंत ओलीची भिंत आमच्या नांदेडच्या घरातल्या भिंतीसारखी निळी झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्या खोलीत बसावंसं वाटलं.

वासाने मालक वर आले.

"हे काय?"

"रंग, काका."

"ते दिसतंय. कुणाला विचारून?"

"भिंतीला ओल होती..."

"ओल माझी आहे, मॅडम," मालक म्हणाले आणि खाली निघून गेले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. रंगाचं निमित्त आहे, खरा राग निळ्याचा आहे, करार संपला की आपली रवानगी होणार, असं मी धरूनच चालले. समोरच्या घरातल्या बाईंनाही तसंच काहीसं वाटलं असावं. दोन दिवसांनी मी जिना उतरत होते, तर त्या मालकांना म्हणत होत्या, "अहो, निळा कशाला लावू दिलात? उद्या आणखी काय काय येईल!"

"मला निळ्याचं काही नाही," मालक म्हणाले. "त्यांनी पांढरा लावला असता तरी मी इतकाच घाबरलो असतो."

मी जिन्यातच थांबले. बरं वाटलं, पण संशय काही पुरता गेला नाही. असले संशय एका वाक्याने जात नसतात.

ते का घाबरले, हे पुढे त्यांनीच सांगितलं. त्यांच्या वडिलांनी एका गृहस्थाला खालची खोली 'दोन महिन्यांपुरती' दिली होती. गृहस्थांनी आल्या आल्या स्वखर्चाने रंग लावला. वडिलांना केवढं कौतुक! त्या गृहस्थांचे नातू आता त्याच खोलीत राहत होते, कोर्टात केस चालूच होती, आणि नळावर भेटले की मालकांनाच विचारत, "अजून इथेच का?" तेव्हापासून मालकांचा सिद्धांत ठरलेला होता. भाड्याच्या खोलीला जो रंग लावतो, तो खोली सोडत नाही. त्याला एक जोडही होती. "बिजागरी बसली की माणूस बसतो."

मग मीही माझी पद्धत बसवली. ऑफिसात यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून येत, त्यांच्या फळ्या आणून विटांवर रचल्या. फरशीच्या दुकानाबाहेर टाकलेल्या रंगीत तुकड्यांचा ओटा केला, सिमेंट न लावता. मागच्या गल्लीत एक जुनं घर पाडत होते, तिथल्या ढिगाऱ्यात लाल, पिवळ्या, हिरव्या काचांचं एक खिडकीचं दार पडलेलं दिसलं. मुकादम म्हणाला, "न्या ताई, त्याला कोन इचारतंय." ते घासूनपुसून मी खिडकीच्या गजांना सुतळीने बांधलं. कशालाही खिळा नाही, स्क्रू नाही.

मालक दर रविवारी तपासणीला येत. एकेका वस्तूला तर्जनीने हलकेच ढकलत. फळी हलली, की "हं" म्हणत. काचेचं दार डुललं, की पुन्हा "हं." "टेकवलंय, काका, ठोकलेलं नाही," असं मी प्रत्येक वेळी सांगायची आणि ते प्रत्येक वेळी स्वतः ढकलून बघायचे. फळीवर बुद्धाची लहानशी तसबीर होती. पहिल्यांदा त्यांची नजर तिच्यावर पडली तेव्हा आता काय ऐकावं लागणार, असं मला वाटलं. मालकांनी तसबिरीकडे पाहिलं, वाकून तिच्या मागे पाहिलं आणि विचारलं, "खिळा नाही ना?"

त्या दिवशी मी पोट धरून हसले. त्यांना कारण कळलं नाही, त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला.

करार पुन्हा झाला, मग आणखी एकदा. मधल्या काळात माझ्या एक लक्षात आलं. संध्याकाळी परत यावं, तर खुर्ची खिडकीशी सरकलेली. दुसरी किल्ली मालकांकडेच होती. माझ्या माघारी झडती घेतात की काय! एकदा बरं नव्हतं म्हणून दुपारीच परतले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मालक खुर्चीत बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र, पांढऱ्या सदऱ्यावर लाल-हिरवं ऊन. माझी चाहूल लागताच ते तटकन उठले.

"ओल तपासत होतो," म्हणाले.

पुढे सकाळी निघताना खुर्ची मीच खिडकीशी ठेवून जाऊ लागले. त्याबद्दल ना त्यांनी विषय काढला, ना मी.

मग खराडीत मी फ्लॅट घेतला. आईबाबांना आणायचं होतं, माझ्या नावाचं दार हवं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं, तरी मालकांना सांगायला मी दोन रविवार लावले. सांगितलं, तेव्हा ते निळ्या भिंतीकडे बघत राहिले.

"खरंच जाताय?"

"हो, काका."

"जायचंच होतं, तर रंग कशाला लावलात?"

खोली सोडा म्हणतील, याच धाकात मी तिथे राहिले होते. खोली सोडू नका, हे त्यांच्या मनात असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

निघायच्या दिवशी टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा होता. फळ्या, विटा, फरशीचे तुकडे सगळं चटकन सुटलं. रंगीत दार सोडायला मी सुतळीची गाठ धरली, तेवढ्यात मालक वर आले. या वेळी ते आधी माझ्याकडे बघत होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत दोन पितळी बिजागऱ्या होत्या, स्क्रूंसकट.

"तुमच्या त्या दाराच्या," ते म्हणाले. "दिवाळीतच आणल्यात. सुतळी काय, आज ना उद्या कुजणार. म्हटलं, एकदा नीट बसवून घेऊ."

जन्मभर कुणालाही गृहीत न धरलेल्या माणसाने मला गृहीत धरलं होतं. दार मी तसंच राहू दिलं, पुडी घेतली आणि मालकांना नमस्कार केला. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.