दिल्ली, कन्याकुमारी आणि आमची म्हैस

दिल्ली आणि कन्याकुमारी असा एकट्याने करायचा प्रवास मी आखला आणि तो ठरल्या दिवशी, ठरल्या मार्गाने, अगदी एकट्यानेच पार पडला. फक्त त्यात मी नव्हतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष होतं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी रोज एसटीने नगरला जायचो, एका सरकारी कचेरीत कारकुनी करायचो आणि दिवेलागणीला परत यायचो. घरात माणसं, एसटीत माणसं, कचेरीत तर माणसांच्या रांगा! कुणीतरी मला चिकटलेलं नाही असा क्षण आयुष्यात आला असेल तर तो मला आठवत नाही. म्हणून एवढीच इच्छा होती, की एकदा देशाची राजधानी बघावी आणि मग खाली, देश संपतो तिथे, समुद्राकडे तोंड करून एकट्याने उभं राहावं. (तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आमचा पाझर तलाव. तोही उन्हाळ्यात नसायचा.)

घरी सांगितल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पानाला चुना लावायचं थांबवलं.

"दिल्लीत कोन हाय आपलं?"

"कुणी नाही. म्हणून तर चाललोय."

"आन् त्या खाली समुद्रावर?"

"तिथंही कुणी नाही."

दादा आईला म्हणाले, "ह्या सदाला कुनाला तरी दाखवून आना."

आईकडे याहून सोपा उपाय होता. "लगीन कर आन् जोडीनं जा की! एकटं फिरायला तू काय गोसावी हायेस?"

पण मी हट्टाला पेटलो होतो. रजा मंजूर करून घेतली, रेल्वेचं वेळापत्रक आणलं आणि जेवणं झाली की रोज घरच्यांपुढे प्रवासाचा पाठ म्हणू लागलो. "आधी मनमाडला उतरायचं. तिथं दिल्लीची गाडी. दिल्लीत धर्मशाळा, लाल किल्ला, कुतुबमिनार. मग मद्रासची गाडी. मद्रासहून तिरुनेलवेली, पुढे कन्याकुमारीपर्यंत बस." सहा महिने हा पाठ चालला. पहिल्या गाडीतच दादा घोरू लागत. आई लाल किल्ल्यापर्यंत तग धरायची. कन्याकुमारीपर्यंत जागी असायची ती एकटी भागूआत्या.

भागूआत्या दादांची थोरली बहीण. कळायच्या वयाआधी तिचं लग्न झालं आणि कळायच्या वयाआधीच नवरा गेला. तेव्हापासून ती आमच्याच घरी होती. गोठा तिचा, दळण तिचं, सरपण तिचं. मोहट्याच्या देवीपलीकडे ती कधी गेलेली नव्हती. बाजरी निवडता निवडता ती माझा पाठ ऐकायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायची.

"आन् तिथं कठडा हाय का रं, समुद्राला?"

"माहीत नाही आत्या. बघून आल्यावर सांगतो."

निघायच्या दिवशी नगर स्टेशनवर मला एकट्याला पोचवायला सगळं घर टेम्पोत बसून आलं. शेजारच्या दोघीही आल्या. स्टेशनात खिसेकापू फार असतात असं मी कचेरीत ऐकलं होतं. म्हणून मी मोठ्या हुशारीने तिकीट आणि पैसे आत्याच्या कनवटीला खोचायला दिले, गाडीत बसताना परत घेईन म्हणून. (ही हुशारी पुढेही कामी आली, पण मला नाही.)

गाडी लागली. आई आत्याला म्हणाली, "वन्सं, तुमी सामान घिऊन आत बसा. जागा धरा." जागा धरायला काही गर्दी नव्हती. खरं कारण वेगळं होतं. मला ओवाळायचं होतं, आणि लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या समोर अशा वेळी विधवा बाई असू नये अशी आमच्याकडची रीत होती. ते कुणी उघड बोलत नसे. आत्याला सांगावंही लागत नसे. घरात काहीही शुभ निघालं की ती आपण होऊन गोठ्यात जायची. स्टेशनात गोठा नव्हता, म्हणून ती माझी वळकटी, पिशवी आणि दशम्यांचं गाठोडं घेऊन डब्यात गेली.

फलाटावर सतरंजी अंथरली गेली. मला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. म्हणजे गाडीकडे पाठ! आईने निरांजन लावलं, वाऱ्याने विझवलं. काकूने पदर आडवा धरला. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. ओवाळणाऱ्या सवाष्णी पाच, आणि प्रत्येकीचा पेढा वेगळा. तिसरा पेढा तोंडात असताना शिट्टी झाली.

"अं! अं!" मी म्हणालो.

"हलू नगंस," काकू म्हणाली, "माझं ऱ्हायलंय."

"काकू, गाडी!"

"गाडीला कसली घाई? आधी त्वांड उघड."

चौथा पेढा आत गेला आणि गाडी हलली. मी वळलो. गळ्यात हार, दोन्ही हातांत नारळ आणि तोंडात दोन पेढे अशा अवस्थेत माणूस फार वेगाने पळू शकत नाही. शिवाय पाचवी सवाष्ण, शेजारची, तबक घेऊन माझ्यामागे धावत होती. "अवो, माझं ऱ्हायलं!" खिडकीत आत्या दिसली. ती हात हलवत होती. मला वाटलं, वाचवा म्हणतेय.

स्टेशनमास्तर भला माणूस होता. त्याने मनमाडला निरोप पाठवला, 'अमुक डब्यात वृद्ध बाई आहेत. उतरवून ठेवा.' आम्ही बाकावर बसून राहिलो. आईच्या मांडीवर तबक तसंच होतं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'बाई उतरल्या. दिल्लीच्या गाडीत नीट बसवून दिल्या.'

टेम्पोत दादा एवढंच म्हणाले, "तिनं कधी एसटीचं तिकीट सुदा काढलं न्हाई रं."

घरी आल्यावर चूल पेटली नाही. दादा वेशीपाशी जाऊन बसले आणि पुढचे कित्येक दिवस तिथेच बसायचे. मी मागोमाग दिल्लीला जायला निघालो, तर म्हणाले, "आता तू हरवायला जाऊ नगंस." मला खरंच भीती वाटत होती. एवढी मोठी दिल्ली, आणि आमच्या आत्याला हिंदीतला एक शब्द येत नव्हता. तिला काही झालं असतं तर ते माझ्या हौसेपायी झालं असतं.

अखेर दिल्लीहून पोस्टकार्ड आलं. तिथल्या कुणा मराठी शिपायाने लिहून दिलं होतं. 'मी सुखरूप. लाल किल्ला पाहिला. थंडी लई, सदाचा स्वेटर कामी आला. म्हशीला सरकी घालणे. आता समुद्राला जाते.' दादांनी ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. मग म्हणाले, "म्हशीचं ती बराबर बोलली."

कारण म्हशीने पहिल्याच दिवशी संप केला होता. तिला आत्याच्या हाताची सवय. आईला तिने लाथ मारली, दादांना शिंग दाखवलं. मी रजेवर, रिकामा. म्हणजे म्हैस माझ्याकडे! कुणीतरी उपाय सुचवला, की आत्याचं लुगडं नेसून बसा, वासाने फसेल. आईने मला लुगडं नेसवलं, डोक्यावर पदर दिला. म्हशीने मला हुंगलं, उसासा टाकला आणि पान्हा सोडला.

कुडापलीकडून शेजारच्या म्हाताऱ्याने हाक मारली, "भागूबाई, आल्या व्हय दिल्लीहून? कशी हाय दिल्ली?"

मी पदर पुढे ओढला आणि गप्प धार काढत राहिलो.

"लई गप गप झाल्या तिकडं जाऊन," म्हातारा आपल्या सुनेला म्हणाला. "आन् दाढी बी वाढलीया."

असा माझा दौरा चालला होता. आत्या माझ्या स्वेटरात कुतुबमिनारापाशी आणि मी तिच्या लुगड्यात म्हशीपाशी.

रजा संपत आली तेव्हा एका दुपारी एसटीतून आत्या उतरली. उन्हाने करपलेली, डोक्याला माझी कानटोपी, खांद्याला माझी पिशवी. दादा वेशीपासून तिच्यामागे चालत आले. दारात बायका जमल्या होत्या. त्यांना बघून आत्या सवयीने गोठ्याच्या वाटेला वळली.

"वन्सं, थांबा," आई म्हणाली.

तिने आतून तबक आणलं. आत्याचे पाय धुतले. कुंकवाचं बोट क्षणभर हवेत थांबलं, मग आईने ते आत्याच्या पायांना लावलं आणि निरांजन ओवाळलं. आत्याला कुठे बघावं ते कळेना. तिला जन्मात कुणी असं समोर उभं केलं नव्हतं.

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. तिकीट कुणी विचारलं नाही का?

"इचारलं की. म्हनलं, भाच्याचं हाय, पर त्याची जागा रिकामी कशाला घालवायची?"

भाषेचं काय केलं?

"मोठ्यानं बोललं की समद्यास्नी कळतं."

मनमाडला परत का फिरली नाहीस?

आत्याने डोक्यावरची कानटोपी काढली. "तितं उतरले, तर म्होरं कुनाला ओवाळायचं न्हवतं. म्हनलं, आता मला आत जायला कोन सांगतंय?"

आई पदराने डोळे पुसत आत गेली. आत्याने पिशवीतून रंगीत वाळूची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. "घे, तुजा समुद्र. आन् ऐक, कठडा न्हाई. कुटंच न्हाई."

संध्याकाळी ती चरवी घेऊन गोठ्यात गेली. महिनाभर मी काढलेल्या धारांवर म्हशीचं मत काय होतं ते तेव्हा कळलं. म्हशीने आत्याला हुंगलं, चरवी उडवली आणि मान वळवून माझी वाट बघू लागली. आत्या कंबरेवर हात ठेवून हसली. एवढं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मी सुटले. सदा, तू बस खाली, आन् पाठ म्हन. पुढच्या साली काशीला जाईन म्हनते."

मी दोरीवरचं लुगडं ओढलं, नेसलो, म्हशीखाली बसलो आणि सुरुवात केली, "आधी मनमाडला उतरायचं..."