अक्षता कागदावर बापाजवळ होती
रुद्राणी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं करते. तिची मुलगी अक्षता अकरा वर्षांची. चार वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती, हाक मारली तर वळून पाहत नव्हती. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली. नवरा गुरुशांत झेडपीच्या शाळेत मास्तर. पोरीवर शिक्का मारून घेऊ नको, एवढंच तो म्हणाला आणि पुढं अक्कलकोटकडं शाळेजवळ खोली घेऊन तिकडंच राहू लागला.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी रुद्राणी एकटीच फिरली. दवाखान्यातल्या गर्दीत अक्षता कानांवर हात दाबून फरशीवर बसायची, मग आईही तिच्याशेजारी बसायची. चौथ्या खेपेला तपासणी पुरी झाली.

मागच्या वर्षी गुरुशांत अचानक घरी आला. दिव्यांग मुलांचा सरकारी आरोग्य विमा असतो, थेरपीचा खर्च त्यातनं मिळतो, मी अर्ज भरतो, म्हणाला. रुद्राणीनं प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली, त्यानं पुढं केलेल्या कागदांवर न वाचताच सह्या केल्या. बापाला पोर दिसली एकदाची, असं तिनं आपल्या आईला, बसव्वाला, फोनवर सांगितलं.

सहा महिन्यांनी थेरपीची बिलं घेऊन ती विम्याच्या कार्यालयात गेली. अक्षताच्या नावाचा अर्जच आलेला नव्हता. गुरुशांत फोनवर उडवाउडवी करू लागला. शेवटी त्याच्याच शाळेतल्या भारत सरांनी खरं सांगितलं.

"वहिनी, त्यांनी बदलीतनं सूट घेतलीय. दिव्यांग मुलगी माझ्यापाशी राहते, मीच सांभाळतो, असं लिहून दिलंय. तुमची संमती जोडलीय."

दुसऱ्या दिवशी खाडा करून ती अक्षताला घेऊन त्याच्या खोलीवर गेली. तो म्हणाला, "कागदच तर वापरला. तुझं काय गेलं त्यात?"

"काय न्हाय गेलं. आठ दिवस ठेवून घ्या हिला. कागदावर तुमच्यापाशीच हाय की."

गुरुशांत गाडीची किल्ली शोधू लागला.

रुद्राणीनं शिक्षण विभागात अर्ज दिला, सोबत थेरपीच्या हजेरीचे कागद जोडले. चौकशी झाली, सूट रद्द झाली, त्याची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, करमाळ्याकडं झाली. विम्याचा अर्ज तिनं स्वतः भरला.

परवा दिराच्या लग्नात सासूनं चारचौघांत सुनावलं, नवऱ्याला देशोधडीला लावलंस. पंगतीत रुद्राणीच्या एका बाजूला अक्षता बसली, दुसऱ्या बाजूची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. अक्षताला भरवून ती दुपारच्या एसटीनं परत आली.