मधली बैठक

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सीट कव्हरवाला आपल्याच गाडीच्या मागच्या दारात अर्धा आत, अर्धा बाहेर होता. मागच्या सीटवर त्याने नवं कव्हर चढवलं होतं, खाली दोन बोटं जाड फोम आणि वर दीड वर्षाच्या नातीची सीट पट्ट्याने बांधलेली. उद्यापासून नातीला पाळणाघरात तो सोडणार होता. लेकीला ही बैठक पसंत पडली तर.

पूर्वी तो पुढच्या दोन सीटच्या मधे बसेल अशी छोटी गादीची बैठक बनवायचा. अर्ध्या वस्तीची पोरं त्यावर वाढली. लेकही. फोम आणायला ती बापाबरोबर जायची. उन्हात तापलेलं रेक्झिन मांड्यांना चिकटायचं. परतताना ती त्याच्या कोपरावर डोकं टाकून झोपायची आणि गिअर बदलला तर जाग येईल म्हणून तो घरापर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच यायचा. ब्रेक लागला की हात आपोआप तिच्यापुढे जायचा. एकदा पोचला नाही.

लेकीने नातीची सीट दोन्ही हातांनी धरून हलवली. "बाबा, सरकतेय."

"खाली गादी आहे. मऊ बसेल पोर."

"मऊ नको, घट्ट हवी. फोम दबला की पट्टा ढिला पडतो."

"आयुष्यभर लोकांना बसवतोय मी."

"मलाही बसवलंत." तिने हनुवटीवरचा जुना व्रण दाखवला. "ही पावती."

तो हसला, पण हटला नाही. "आणि हिचं तोंड मागे का? बिचारीला काही दिसायचं नाही."

"पुढे काय दिसणार? तुमचं टक्कल? मान कच्ची आहे तिची अजून. डॉक्टरही तेच सांगतात. ह्या सीटमध्ये मावेनाशी झाली की मग पुढे तोंड. त्यानंतर उंच बैठक, पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर येईपर्यंत."

"म्हणजे कॉलेजपर्यंत!"

"तुमच्यासारखी बुटकी राहिली तर, हो."

आपण चढवलेलं कव्हर त्याने गिऱ्हाइकासाठीही कधी उतरवलं नव्हतं. थोडा वेळ तो शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला. मग हुक सोडले, फोम बाहेर ओढला, नातीची सीट गुडघ्याने दाबून पट्टा खेचला. लेकीने पुन्हा हलवून पाहिली. या वेळी गाडीच हलली.

"जमलं," ती म्हणाली आणि नातीला सोडायला लागणारं पाळणाघराचं ओळखपत्र त्याच्या हातावर ठेवलं.

उद्या सव्वाआठला तो नातीला घेऊन निघेल. दुकान अर्धा तास उशिरा, साडेनऊला उघडेल.