दरी पाहिली, मैत्रीण राहिली

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या मे महिन्यात, लाँग वीकेंडच्या आदल्या शुक्रवारी, भर दुपारी, एका आठपदरी रस्त्याच्या कडेला. जिला भेटायला ती सांगलीहून निघाली होती, ती मैत्रीण आमच्या ॲरिझोनातल्या चँडलरच्या घरापासून गाडीने तासाभरावर होती. भेट झाली नाही. दोघींचं भांडण नव्हतं, व्हिसा अडकला नव्हता, कोणी अंथरुणाला खिळलं नव्हतं. घरात त्या वेळी आत्या आणि मी अशा दोघीच होतो आणि दोघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती, एवढंच.

हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नातेवाइकांत या प्रकरणाचं नाव 'ताईंची अमेरिका ट्रिप मस्त झाली' असं आहे.

मी पत्रकं लिहिते. बसथांब्यावर सावली द्या, फुटपाथ द्या, रविवारी बस सोडा, अशी. एक पान, इंग्रजीत. पहिल्या ओळीत कोणाचं काय गेलं ते, शेवटच्या ओळीत सही कुठे करायची ते. दहाव्या वर्षी पुण्याहून आईबाबांबरोबर इथे आले. पुढे मला फिट्स यायला लागल्या, म्हणून गाडी चालवायला मनाई. चँडलरमध्ये गाडी न चालवणारा माणूस म्हणजे सामान. कोणी उचललं की हलायचं, तोवर पडून राहायचं.

आत्या बाबांची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका. तिची मैत्रीण त्याच शाळेत शिकवायची. शाळेत जाताना-येताना दोघी बरोबर चालत जायच्या, पावसापाण्याचं, सासूचं, हेडमास्तरांचं सगळं त्या रस्त्यावर बोलून व्हायचं. मैत्रिणीचे दोन्ही मुलगे अमेरिकेत. या मैत्रिणीला मी मावशी म्हणते. मावशी धाकट्या मुलाकडे राहायच्या, फिनिक्सच्या पार पलीकडच्या टोकाला, आणि नातू सांभाळायच्या. आत्याने तिकीट काढलं ते त्या इथे आहेत म्हणून. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरज असते असं तिला वाटलंच नाही.

आल्या संध्याकाळी तिने बॅग उघडली. भडंगाची दोन पाकिटं निघाली. लहान आमचं. मोठं उचलून तिने ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवलं. "हे तिचं. कोणी हात लावायचा नाही."

तोवर बाबांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला होता.

"ताई, इकडे बघ. तीन वीकेंड, तीन स्पॉट. आधी सेडोना, मग व्हेगस, आणि लाँग वीकेंडला ग्रँड कॅन्यन. सगळी हॉटेल्स बुक्ड."

"व्हेगसला मी काय करू रे? जुगार खेळू?"

"लायटिंग बघायचं गं!"

"लायटिंग गणपतीत बघते की दरवर्षी."

आई हसली. बाबाही हसले, पण पडद्यावरचं काही हललं नाही. मग आत्या म्हणाली, "आणि तिच्याकडे एकदा... जमलं तर."

"जमवू की," बाबा म्हणाले, आणि तीन ठिकाणांच्या खाली एक राखाडी ओळ टाकली. पुढे लिहिलं, 'ऑप्शनल'.

मी तिथेच बसले होते. पाहुण्याने 'जमलं तर' म्हटलं की ते सगळ्यात आधी जमवायचं असतं, हे मराठी घरात कोणी शिकवत नाही. आजीला कळायचं, शेजारणीला कळायचं. बाबांनाही एके काळी कळत असणार. पण इथे वीस वर्षं ऑफिसच्या मीटिंगा करून त्यांना जे ठामपणे सांगितलं जात नाही ते ऐकूच येईनासं झालंय.

बाबांची बाजू सांगते, नाहीतर मी एकतर्फी लिहिते असं आई म्हणेल. आजोबा इथे आले होते तेव्हा बाबांची नोकरी नुकतीच गेली होती. त्यांना कुठेच नेता आलं नाही. परत गेल्यावर सांगलीत कोणीतरी विचारलं, "काय दाखवलं मुलानं? दुकानं?" ते वाक्य बाबांनी जपून ठेवलंय. तेव्हापासून आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा दरीच्या कठड्याला उभा केला जातो, फोटो काढला जातो, फोटो ग्रुपवर जातो. मगच तो पाहुणा पुरा होतो.

सेडोना झालं. लाल डोंगर झाले, दशम्या झाल्या, आत्याने दोन्हींना मागच्या सीटवरून "छान आहे हो" म्हटलं. व्हेगस झालं. मधल्या दिवसांत आईबाबा ऑफिसला. घरी आत्या आणि मी. ती सकाळी चहा घेऊन फिरायला निघायची, आमच्या वसाहतीच्या भिंतीपर्यंत जायची आणि परत यायची, कारण भिंतीपलीकडे नुसता रस्ता. "इथे माणसं कुठे ठेवतात गं?" तिने मला विचारलं.

एका बुधवारी संध्याकाळचं ठरलं होतं. आई ऑफिसमधून आल्यावर नेणार होती. मावशींच्या नातवाला ताप आला. दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं तर आत्याच नको म्हणाली. "ती सून दिवसभर काम करून येते. आपण संध्याकाळी जाऊन टपकलो तर तिला स्वयंपाकाला उभं राहावं लागेल."

मी म्हटलं, आम्ही दोघी दुपारी कॅबने जातो. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"घरात दोन गाड्या असताना माझी बहीण टॅक्सीने जाणार? त्यांच्या घरी काय वाटेल? भावाला एवढंही जमलं नाही?"

"मग तुम्ही न्या ना!"

"अगं शिपमेंट आहे या आठवड्यात, सुट्टी कुठली?" बाबा कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात आहेत, तिथे कायमच कुठलीतरी शिपमेंट असते.

"राहू दे गं," आत्या मला म्हणाली. "त्याला वाईट वाटतंय."

त्याला वाईट वाटतंय! आमच्या घरातली सगळी गाडी या एका वाक्यावर चालते.

मग दोघी मैत्रिणी रोज दुपारी फोनवर बोलायच्या, व्हिडिओ लावून.

"अगं, सांगलीहून दिसायचीस तशीच दिसतेस."

"तूही. फक्त आता दोघींकडे एकदमच ऊन आहे."

आणि खो-खो हसायच्या. मला हसू यायचं नाही. अख्खा महासागर ओलांडून ती त्याच चौकोनात बघत बसली होती.

शेवटच्या आठवड्यात मावशींनी सांगितलं की रविवारी त्या थोरल्याकडे न्यू जर्सीला निघणार आहेत. थोरल्या सुनेचं बाळंतपण. आपल्या लोकांत आई अशीच फिरवतात, सहा महिने या मुलाकडे, सहा महिने त्या मुलाकडे, जिथे पाळणा हलेल तिथे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. शनिवारी पहाटे आम्ही कॅन्यनला निघणार. उरला शुक्रवार. त्या दिवशी मावशींचा मुलगा सुट्टी घेऊन घरी होता, त्यामुळे नातवाची चिंता नव्हती; पण मला तिकडे आणून सोड, असं मावशी त्याला म्हणणाऱ्यातल्या नव्हेत. दुपार त्यांची रिकामी होती.

"टॅक्सीचं त्याला लागेल. तुझी ती बस," आत्याने मला विचारलं, "जाते का गं तिकडे?"

जाते. तीन बस बदलून, अडीच तासांत. मला तो मार्ग पाठ होता, त्यावर मी पत्रक लिहिलं होतं. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. घरात कोणीतरी पहिल्यांदा माझी बस मागत होतं. बाबांना सांगायचं नाही, चारच्या आत पोचायचं, त्यांना तिथूनच फोन करायचा, असं आमचं ठरलं. आत्याने नवी साडी नेसली. भडंगाचं पाकीट पिशवीत घातलं.

पहिली बस झकास. उंच खिडकी, थंड हवा. ड्रायव्हरने आत्याला पायरी खाली करून दिली. "ही बघ," ती मला कोपराने ढोसून म्हणाली, "ही खरी साइटसीइंग. माणसं दिसतायत."

दुसरी बस रस्त्याच्या पलीकडून सुटते. रस्ता आठपदरी. सिग्नल मिळाला, आम्ही निघालो. आत्याचा गुडघा दुखरा. मधल्या पट्ट्यापर्यंत पोचलो आणि सिग्नलवरचा 'थांबा'चा लाल हात लुकलुकायला लागला. तिथेच थांबलो. पलीकडे आमची बस आली, दार उघडलं, मिटलं, गेली. मी हात हलवत राहिले. बसची काही चूक नव्हती, ती वेळेवर होती. तो सिग्नल धडधाकट माणसासाठी लावलेला आहे.

पुढची बस एक तासाने. थांबा म्हणजे एक खांब. छप्पर नाही, बाक नाही, झाड नाही. ॲरिझोनाचं मे महिन्याचं ऊन. आत्या खांबाच्या बोटभर सावलीत उभी राहिली आणि म्हणाली, "नाक तरी वाचलं." मला अजून धीर होता. मग ती कडेच्या दगडावर बसली. पाण्याची बाटली गरम झाली होती. मग ती बोलेनाशी झाली, आणि मग तिला उलटी झाली.

एका बाईने गाडी थांबवून गार पाणी दिलं, ओला रुमाल दिला. मी फोन हातात धरून उभी. कॅब बोलवून पुढे न्यावं? आत्या म्हणत होती, "पुढेच जाऊ या, बसलं की बरं वाटेल." पण उठायला गेली आणि पुन्हा दगडावर बसली. तेवढ्यात मलाच फिट आली तर हिला कोण बघणार, असं मनात आलं. मी बाबांना फोन केला.

ते आले. ओरडले नाहीत. आत्याला गाडीत बसवलं, एसी तिच्याकडे वळवला, साखर-मिठाचं पाणी पाजलं. तिचा चेहरा जरा उजळला तशी ती म्हणाली, "आता इथवर आलोच आहोत..."

"ताई, ट्रॅफिक बघ. पोचेस्तो सात वाजतील. पहाटे निघायचंय, आणि तुझी ही अवस्था. परत आल्यावर नेतो. प्रॉमिस."

"परत आल्यावर ती नाहीये रे इथे."

बाबांचे हात स्टिअरिंगवर थांबले. "रविवारी जातायत त्या? अगं, मग आधी नीट सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं."

"जमलं तर, म्हणालीस!"

"मग?" आत्या म्हणाली. "आणखी कसं सांगतात?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. बाबांनी घराकडे गाडी वळवली. मी मागे बसून राहिले. पत्रकात मी भल्याभल्यांना जाब विचारते. तिथे माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, कारण आत्याचा हात अजून गार होता आणि गाडी माझी नव्हती.

शनिवारी दुपारी ती कठड्यापाशी उभी होती. सगळे दरी बघत होते, तिने फोन लावला. चित्र तुटत होतं.

"काय दिसतंय गं?" मावशींचा आवाज आला.

"खड्डा."

"केवढा?"

"सांगली-मिरज रस्त्यावरच्यापेक्षा मोठा."

"मग दगडं काय बघत बसलीस? इकडे ये की."

आत्या हसली आणि रेंज गेली. ती "हॅलो, हॅलो" करत असतानाच बाबांनी फोटो काढला. पाठीमागे अख्खी दरी, आत्या फोनकडे बघून हसतेय. तो फोटो ग्रुपवर गेला, खाली 'ताई एन्जॉयिंग!' लिहून. सांगलीहून तीसेक अंगठे आले. बाबांनी ते आत्याला दाखवले. ती म्हणाली, "छान आलाय हो." त्यांना कुठे दुखेल असं ती आजवर काही बोललेली नाही.

मावशी रविवारी गेल्या. आत्या त्यानंतरच्या आठवड्यात गेली. निघताना बाबा म्हणाले, भडंग कुरिअर करतो, दोन दिवसांत पोचेल. "नुसतं पोचवून काय करायचंय?" आत्या म्हणाली. पाकीट पुन्हा वरच्या फळीवर गेलं, तिथेच राहिलं. आता खवट झालं असेल. ते उघडायची माझी हिंमत नाही, टाकायचीही नाही.

त्या चौकाबद्दल मी पत्रक लिहिलं. सिटी कौन्सिलच्या सभेत बोलायला वेळ मिळाला. त्यांनी माझे आभार मानले, फार छान मानतात ते आभार. खांब अजून तसाच उभा आहे, सिग्नल अजून तेवढाच आहे, आणि मी अजून घरात, कोणाची तरी गाडी यायची वाट बघत.

नेहमी या जागी मी सही मागते. आज सही नको. तुमच्याकडे कोणी आलेलं असेल, आई, काकू, सासरे, कोणीही, तर हे खाली ठेवा आणि त्यांच्यापाशी जाऊन विचारा, इथे तुम्हाला कोणाला भेटायचंय? ते म्हणतील, जमलं तर. किल्ली उचला. हॉटेल कॅन्सल करा. आजच घेऊन जा.