कोरम पूर्ण झाला

माझ्या हातून एकदा सत्ता उलटली आहे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. चहा आलाय आणि माणसं घरचीच आहेत, म्हणून सांगते. सत्ता काही मुंबई-दिल्लीची नव्हती, आसगावकडच्या एका लहानशा गावातल्या मच्छीमार संस्थेची होती. आणि खुर्ची गेली ती माझ्या सख्ख्या मामाची.

मी भंडाऱ्याला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. रोगजंतू अंगात शिरले की स्वतःची कोणती जनुकं कधी चालू करतात आणि कधी गप्प ठेवतात, हा माझा अभ्यासाचा विषय. घरात या विषयाला 'सुषमाचे किडे' म्हणतात. पीएचडी झाली तेव्हा मामीनं विचारलं होतं, "मंग आता सुई देता येते ना तुले?" त्यामुळे मामाचा फोन आला, की ये आणि आमच्या लोकांना जंतूंचं जरा समजावून सांग, तेव्हा मला किती आनंद झाला असेल ते तुम्हीच समजा.

झालं असं होतं, की त्यांच्या तलावातल्या माशांच्या अंगावर लाल चट्टे पडत होते. रोहू, कतला, कुणी सुटलं नव्हतं. चट्ट्याची जखम व्हायची, मासा सुस्त होऊन काठाला यायचा आणि मरायचा. सगळ्या ढिवर मोहल्ल्याचं पोट त्या तलावावर. मामा संस्थेचा अध्यक्ष होता. किती वर्षांपासून, ते त्यालाही आठवत नव्हतं. निवडणूक अशी कधी व्हायचीच नाही. मामा उभा राहायचा, बाकीचे बसून राहायचे, की झाली निवड.

मी आजारी मासे भंडाऱ्याला नेऊन तपासले. जंतू सापडला. तो काही नवा नव्हता, त्या पाण्यात पहिल्यापासून राहणाराच होता. मग आत्ताच का बिघडला? माझ्यासाठी खरी गंमत इथंच होती, आणि ती मी समाजमंदिरात माइक हातात घेऊन सांगायला लागले. कॉलेजची भाषा बाजूला ठेवली. आपल्या लोकांशी आपल्याच बोलीत बोलायचं ठरवलं होतं.

"हे बाहेरून आले नाहीत," मी म्हटलं. "पयल्यापासून आपल्यातच हायेत. आपल्याच तलावात राहतेत, खातेत-पितेत, कोनाले तरास देत नाहीत. विष कसं बनवाचं ते एकेकाले माहीत असते. त्याइच्या जनुकात ते लिवलंच असते. पन एकटा असला तर तो ते बाहेर काढत नाही. एकट्यानं काही केलं तर मासोळी त्याले तिथंच निपटवते. म्हणून तो चुप राहते."

मागून शालिकभाऊंनी हात वर केला. शालिकभाऊ म्हणजे गावातला सगळ्यात चांगला जाळं टाकणारा माणूस, स्वभावानं मितभाषी. त्यांनी विचारलं, "मंग त्याइले समजते कसं, आपन किती हाओ ते?"

"चांगलं इचारलं भाऊ. प्रत्येक जन पान्यात एक बारीक रस सोडते. जेवढे जास्त, तेवढा रस दाट. त्या रसावरून त्याइले अंदाज येते, का आता आपन पुरेसे झालो. मंग साऱ्याइची जनुकं एकाच वक्ती चालू, आन सारे एकदम उठतेत. शास्त्रात याले कोरमच म्हणतेत."

कोरम हा शब्द संस्थेच्या प्रत्येक सभासदाला पाठ. मला वाटलं, काय सुंदर जागी येऊन बसला आपला शब्द. सभेत कोणी खाकरलंसुद्धा नाही. काही माना हळूच मामाकडे वळल्या, त्या मी पाहिल्या, आणि समजले की भाचीचं कौतुक चाललंय.

मग मी उपाय सांगितला. "जागा लहान आन भरती जास्त, तर कोरम लवकर भरते. गर्दी कमी करा. जे खराब दिसते ते तुरंत बाहेर काढा, बाकीच्याइले लागाच्या आत. चुना टाका. आन हे सारं कोरम भराच्या आधी करा. मंग काही उपयोग नाही."

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे सरळ बोललेलं कुणी सरळ घेत नाही. सून म्हणाली की आज भाजीत मीठ बरोबर पडलं, तर सासूनं काय समजायचं? तेच, की रोज पडत नाही. शिकलेली भाची भंडाऱ्याहून येते, माइकवर उभी राहते आणि मासोळ्यांवर बोलते, म्हणजे त्या मासोळ्या नसणारच. सभासदांना वाटलं, मामानं भाचीच्या तोंडून दम दिला. आणि मामाला वाटलं, भाचीला काहीतरी कळलंय आणि चारचौघांत उघड बोलता येत नाही म्हणून ती आडून सावध करतेय.

दुपारी जेवायला बसलो. मामाचा हात ताटात नुसता फिरत होता.

"कधीपासून चालू हाये हे?" त्यानं विचारलं.

"पयल्यापासून, मामा. आपल्याले आत्ता दिसलं."

"तू सोता पायलं?"

"म्हणजे काय? माही नजर त्याइच्यावरच असते."

"बोलतेत कुठी?"

"पान्यातच. सारं तलावातच चालते."

मामानं मान हलवली. लोक रोज पहाटे डोंगे घेऊन तलावात जातात. तिथं मधोमध काय बोलणं होतं, ते काठावर बसणाऱ्या अध्यक्षाला कसं कळणार? हे मला आज समजतं. तेव्हा मी मामाच्या जिज्ञासेवर खूश होऊन आणखी भात घेतला.

"किती झाले का उठतेत?"

"आकडा ठरला नसते. जागा किती मोठी, त्यावर हाये."

"आन म्होरक्या कोन?"

हा प्रश्न तर माझे विद्यार्थीही विचारत नाहीत. मी ताट सोडून त्याच्याकडे वळले. "म्होरक्या नसतेच मामा. सारे सारखे. म्हणून एकाले धरून काही फायदा होत नाही."

मामा घोटभर पाणी प्यायला आणि हात धुवून उठला. मी संध्याकाळच्या बसनं भंडाऱ्याला परतले. रस्ताभर वाटत होतं, आज पहिल्यांदा घरच्या माणसाला माझा विषय कळला.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी समजलं. मामानं ठरवलं, की हे पुरेसे व्हायच्या आत एकेकाला गाठायचं. तो सकाळीच शालिकभाऊंच्या अंगणात जाऊन उभा राहिला. ते जाळं सांधत बसले होते.

"शालिक, खरं सांग. तूही त्याइच्यात हायेस काय?"

"नाही बा," शालिकभाऊ म्हणाले. आणि मामा गेल्यावर जाळं बाजूला ठेवून विचार करत बसले, की त्याइच्यात म्हणजे कोणाच्यात? मामा दरवर्षी तलावाला झेपणार नाहीत इतकी बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडतो, जाळ्याची पाळी आपल्या जवळच्यांना आधी देतो, हे त्यांच्या मनात किती दिवसांपासून होतं. पण बाकी सगळे सुखात दिसत होते. आपलं एकट्याचंच डोकं फिरलं असेल, असं समजून ते गप्प होते.

मामा तिथून दुसऱ्या घरी गेला, मग तिसऱ्या. प्रत्येक अंगणात तोच प्रश्न, आणि प्रत्येक घरात मागे तोच विचार. संध्याकाळी पानठेल्यावर एकानं दुसऱ्याला विचारलं, "तुह्या घरी आलता काय?"

"आलता. काहून, तुह्याही?"

बस. एवढंच लागलं.

काही दिवसांनी मामीचा फोन आला. "सुषमा, काय सांगून गेलती वो तू? लोकाइनं सभा बोलावली हाये. कोरम भरून वर मानसं बाहेर उभे हायेत."

मी मिळेल त्या बसनं निघाले. पोचले तेव्हा सभा आटोपली होती, लोक खुर्च्या उचलत होते. मामा तलावाच्या पाळीवर एकटा बसला होता. मी शेजारी जाऊन बसले.

"मामा, मी मासोळ्याइचंच सांगत होती."

"कोन्या मासोळ्या?"

"मरून राहिल्या त्या. जंतू एकमेकाले कसे बोलतेत, ते सांगतलं मी."

तो माझ्याकडे वळला. "म्हणजे जंतूच होते?"

"जंतूच होते."

"मंग मी इचारलं म्होरक्या कोन, तवा?"

"तवाही."

मला वाटलं आता तो रागवेल, नाहीतर हसेल. त्यानं दोन्ही केलं नाही. पाण्याकडे पाहत म्हणाला, "मीच म्हणलं, ज्याले मी नको तो हात वर करा. मले वाटलं दोघं-तिघं असतीन. साऱ्याइचेच गेले. माह्या साळ्याचाही गेला." मग म्हणाला, "एवढे वर्ष सारे चुप होते. मी समजो, खुश हायेत."

जंतू गप्प आहे म्हणजे तो नाही असं समजू नका, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देते. त्या गप्प बसण्यामागे केवढा हिशोब चाललेला असतो, हे समजावताना माझा तास पुरत नाही. आणि इथं सभागृहभर गप्प माणसं समोर बसली होती, तर मला वाटलं की व्याख्यान रंगलंय.

शालिकभाऊ अध्यक्ष झाले. त्यांनी पहिलं काम केलं ते गर्दीचे मासे काढून विकायचं, मग चुना टाकायचं. नंतरच्या हंगामात बोटुकली बेतानं सोडली. चट्टे हळूहळू कमी झाले. मामा पुन्हा डोंग्यावर जायला लागला. मामी म्हणते, "खुर्ची गेली तं मानूस घरी आला." ती माझ्यावर अजिबात रागावलेली नाही, हे मला जरा जास्तच लागतं. गावात मात्र मी शपथेवर सांगितलं तरी कुणी मानत नाही, की मी फक्त माशांवर बोलले. शालिकभाऊ तर हात जोडून म्हणतात, "ताई, समजलं ना आमाले."

मागच्या उन्हाळ्यात मामाच्या मुलीचं लग्न झालं. अक्षता पडल्यावर माइकवाला म्हणाला, आता वधूच्या प्राध्यापक ताई दोन शब्द बोलतील. मी पदर सावरून उठले. तेवढ्यात मामा मांडवाच्या त्या टोकापासून धावत आला, माइक स्वतःच्या हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"हिले आधी जेवाले बसवा बाप्पा. दोन्हीकडचे पाव्हने आजून एकमेकाले वळखत नाहीत. तेच बरं हाये."