बक्षिसाची बाटली

नाशिककडे द्राक्षमळ्यांमधून खडीच्या रस्त्यांवर सायकलची शर्यत होती. मी कोपरहून गेलेलो. बाकीचे घडांचे फोटो काढत होते. मी मान खाली घालून पेडल मारत राहिलो. तिसरा आलो. बक्षीस काय, तर वाइनची बाटली! डोकंच फिरलं. मला सायकल शिकवणारे बाबा दारूनेच गेलेले.

काहीही जिंकलं की आधी त्यांच्या फोटोपुढे ठेवायचं, ही आईची पद्धत. म्हणून बाटली बॅगेतच लपवलेली. धुवायचे कपडे काढताना आईला ती सापडली. तिने ती पदराने पुसली आणि फोटोपुढे ठेवली.

“अगं, दारू आहे ती!” मी ओरडलो.

“कळतं मला,” आई म्हणाली. “राहू दे. आता कुठे हात पोचतोय त्यांचा?”